आठशे डॉलरांवरचा कर

बुटांना बांधायचे लोखंडी काटे, एक जोडी. लाकडी खांबावर चढण्यासाठी. टोक आतल्या बाजूला असतं. नवे असताना दोन्ही पोटऱ्यांवर ओरखडे उठतात, मग पाय फाकवून चालायची सवय लागते.

*

लायब्ररीत गोष्टींच्या तासाला लहान मुलं ज्या टेबलांशी बसतात ती बुटकी असतात. मोठा माणूस बसला की त्याचे गुडघे कागदाच्या वर येतात.

*

चेकच्या खालच्या कोपऱ्यात, कशासाठी ते लिहायच्या ओळीवर: शाळा. सहा महिन्यांनी, दुसऱ्या चेकवर: शाळा.

*

जर्दाळूचे कोलाचे, बारा. या गोड गोल पावाच्या मधला खड्डा अंगठ्याने पाडायचा असतो. ज्याचा अंगठा मोठा त्याच्या घरी सारण जास्त.

*

रकाना एक: खात्यातून काढलेली एकूण रक्कम. रकाना दोन: त्यातली वाढ. रकाना तीन: त्यातलं मूळ, म्हणजे तुम्ही खिशातून घातलेलं. पैसे कशावर खर्च झाले, असा रकाना त्या कागदावर कुठेच नाही.

*

"बाई, पेन्सिल चालेल का?"

"नाही, लॅडी."

"मी आपलं विचारलं."

"तू दरवर्षी विचारतोस."

*

आता नीट सांगते.

मी आर्लिस बेरेन्स. वेसेली गावच्या शाळेत चौतीस वर्षं टायपिंग आणि जमाखर्च शिकवला, त्यामुळे अर्धं गाव मला बाई म्हणतं, माझ्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. निवृत्त झाल्यावर फेब्रुवारी ते एप्रिल, दर गुरुवारी, लायब्ररीच्या मागच्या खोलीत बसून लोकांची करपत्रं फुकट भरून देते. आम्ही असे पाच जण आहोत. दरवर्षी परीक्षा देतो. पास झालो की गळ्यात अडकवायला एक कार्ड मिळतं.

आमचे दोन नियम या गोष्टीपुरते लक्षात ठेवा. पहिला: एकाने भरलेलं करपत्र दुसऱ्याने तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. माझं तपासतो ड्वेन पोस्पिशिल. तीस वर्षं विमा विकलेला माणूस आहे, कोणावर विश्वास ठेवत नाही, स्वतःवर तर नाहीच. दुसरा नियम: काही प्रकरणं आमच्या कक्षेबाहेरची असतात. शिक्षणाच्या बचत खात्यातून पैसे काढले आणि सगळेच्या सगळे शिक्षणावर गेले, तर आम्ही मदत करतो, कारण मग कर शून्य. त्यातला एक डॉलर जरी दुसरीकडे गेला तर त्या डॉलरातल्या वाढीवर कर लागतो, वर दहा टक्के दंड, आणि ते करपत्र भरायची परवानगी आम्हाला नाही. फाइल मिटायची, नम्रपणे उठायचं, पैसे घेऊन काम करणाऱ्याकडे पाठवायचं.

तिसरा नियम असा, की इथे ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही. लॅडीने मला लेखी परवानगी दिली आहे. पेन्सिलने.

*

*प्रश्न: गेल्या वर्षी तुमच्या घरात कोण कोण राहत होतं?*

प्रत्येकाला आधी हा चार पानी कागद भरावा लागतो. बहुतेक प्रश्नांपुढे तीन चौकोन: हो, नाही, माहीत नाही.

लाडिस्लाव ह्रोमाड्का, म्हणजे आपला लॅडी, वय शहात्तर, याने लिहिलं: मी. मग खोडलं नाही पण पुढे कंसात घातलं: ट्रेसा, सुट्टीत.

गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारांवर लॅडीने एक्केचाळीस वर्षं काढली. ती उंच पांढरी कोठारं बारा मैलांवरून दिसतात. बायको ओल्गा सहा वर्षांपूर्वी गेली. नात ट्रेसा त्या दोघांनीच वाढवली. तिच्या आईबापांची गोष्ट वेगळी आहे आणि ती मी सांगणार नाही. ट्रेसा चार दिवसांची असताना लॅडी आणि ओल्गाने तिच्या नावाने शिक्षणाचं खातं उघडलं. दर महिन्याला पंचवीस डॉलर. कापणीच्या हंगामात जादा पाळ्या मिळाल्या की पन्नास. एकवीस वर्षांत त्यांनी एकही महिना चुकवला नाही, हे मला ठाऊक आहे कारण लॅडी ते सगळ्यांना सांगतो.

यंदाच्या फेब्रुवारीतल्या पहिल्या गुरुवारी तो आला तेव्हा नेहमीच्या कागदांबरोबर एक नवा कागद होता. १०९९-क्यू. त्या खात्यातून पैसे काढले की वर्षअखेर हा येतो. गेल्या वर्षी काढलेले: सहा हजार चारशे. फेब्रुवारीत दोन हजार, ऑगस्टमध्ये चार हजार चारशे. त्यातली वाढ दोन हजार पाचशे साठ.

कागद लॅडीच्या नावावर आला होता. यात एक गंमत आहे. पैसे थेट मुलीकडे किंवा तिच्या कॉलेजकडे पाठवले असते तर कागद मुलीच्या नावाने निघाला असता. खातं चालवणाऱ्यांनी तेच सुचवलं होतं. लॅडीला ते पटलं नाही. वीस वर्षं साठवलेला पैसा तारेवरून जाणार आणि पोरीच्या हाताला लागणारच नाही, हे काही देणं झालं? त्याने पैसे स्वतःच्या बँकेत घेतले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने चेक लिहिला, तिच्यापुढे कोलाचेची बशी ठेवली आणि मग चेक दिला. दोन्ही वेळा तसंच.

मी सांगितलं की कागद ठीक आहे, फक्त ट्रेसाच्या विद्यापीठाकडून फीचा दाखला लागेल, म्हणजे मी दोन आकडे शेजारी ठेवीन आणि कर शून्य होईल.

"लिंकनला आहे ती," लॅडी ड्वेनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "फार्मसी. तिसरं वर्ष. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघणारी पहिली."

ड्वेन म्हणाला, हे त्याने मागच्या वर्षीही ऐकलं होतं, आणि त्याच्या आदल्या वर्षीही.

"यंदा तिसरं आहे. आधी दुसरं होतं."

तिथूनच त्याने तिला फोन लावला. दाखला हवाय म्हणाला. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ काहीच आलं नसावं, कारण लॅडीने फोन कानापासून दूर धरून बघितला. मग तो मला म्हणाला, ती पुढच्या गुरुवारी स्वतः घेऊन येतेय. किती कामाची पोर.

*

*प्रश्न: तुमच्यापैकी कोणी गेल्या वर्षी पूर्णवेळ विद्यार्थी होतं का?*

हो / नाही / माहीत नाही

*

पुढच्या गुरुवारी ट्रेसा अर्धा तास आधी आली. एकटी. मी तिला आठ महिन्यांनी बघत होते. खांदे रुंद झाले होते, हाताच्या तळव्यांना घट्टे. टोपीवर आमच्या भागातल्या वीज मंडळाचं चिन्ह. पाय किंचित फाकवून चालत होती.

बुटक्या खुर्चीवर बसली आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बाई, तो फॉर्म माझ्या नावावर फिरवता येईल?"

मी सांगितलं, ज्याच्या हाती पैसे गेले त्याच्या नावावरच तो राहतो.

"मग त्यांना न सांगता भरता येईल?"

"सही त्याची लागते. आणि त्याच्या कागदांबद्दल मी तुझ्याशी बोलू शकत नाही, ट्रेसा. तुझं काही असेल तर ते तू बोल."

तिने बोलायला फार वेळ घेतला नाही. चौदा महिन्यांपूर्वी, तिसरी सहामाही संपल्यावर, तिने विद्यापीठ सोडलं होतं. नापास वगैरे झाली नव्हती. वीज मंडळात लाइनमनची शिकाऊ उमेदवार म्हणून लागली होती. चार वर्षांचं शिक्षण. दिवसा खांबावर, आठवड्यातून दोनदा वर्गात. घरापासून सत्तर मैलांवर खोली घेतली होती. सुट्टीला घरी येताना टोपी आणि बूट गाडीच्या डिकीत टाकून यायची. आजोबांना सांगायचं पहिल्या आठवड्यात ठरवलं होतं. मग त्यांनी चेक लिहिला, त्यावर ‘शाळा’ लिहिलं, आणि तिने तो घेतला. त्यानंतर सांगणं दर आठवड्याला जड होत गेलं.

"पैसे उडवले नाहीत मी," ती म्हणाली. हातातलं जाड पाकीट तिने टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात उचलला नाही. "पण त्यांना वाटेल मी चोरले. एकवीस वर्षं, बाई. एक महिना चुकला नाही."

"ठाऊक आहे. तो सगळ्यांना सांगतो."

ती हसली नाही. मी तिला सांगितलं, तुझे आजोबा दहा मिनिटांत येतील. पळायचं असेल तर मुलांच्या पुस्तकांकडून दार आहे. ती म्हणाली, ते दार तिला माहीत आहे, लहानपणी ती तिथूनच पळायची. आणि बसून राहिली.

*

लॅडी कोलाचे घेऊन आला. कागदांजवळ खायचं आणायचं नाही हा आमचा आणखी एक नियम, म्हणून बशी शेल्फवर, चित्रांच्या पुस्तकांशेजारी ठेवायची. ओल्गा गेल्यापासून तो स्वतः करतो. तळ करपतो, सारण उत्तम असतं.

त्याने आधी टोपी पाहिली. मग चिन्ह वाचलं.

"वीज मंडळ टोप्या फुकट वाटतंय वाटतं."

"देदा," ट्रेसा म्हणाली. जुन्या झेक घरांत आजोबांना अजून देदाच म्हणतात. "बसा ना जरा."

तो बसला. गुडघे वर आले. आणि तिने त्याला सांगितलं. मला सांगितलं होतं त्यापेक्षा कमी शब्दांत, आणि खाली न बघता. विद्यापीठ कधी सोडलं. कुठे लागली. दोन्ही चेक कशाला गेले ते या पाकिटात आहे.

लॅडीने टोपीवरचं चिन्ह पुन्हा वाचलं.

"चौदा महिने," तो म्हणाला. "मी तुला माझ्या बीपीच्या गोळ्यांचं विचारलं होतं. ती नवी पांढरी जेवणाआधी की नंतर. तू सांगितलंस नंतर."

"फार्मसीत फोन करून विचारलं होतं मी."

"बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"मी चर्चमध्ये तीन बायकांना सांगितलं." तो उठला. "त्याही आता नंतर घेतात."

खिडकीशी जाऊन तो पाठमोरा उभा राहिला. तिथून गाड्या लावायची जागा दिसते, दुसरं काही नाही. ट्रेसा उठू लागली तशी मी मान हलवली. बस म्हटलं.

तेवढ्यात ड्वेन आला. त्याने शेजारच्या टेबलावरून सगळं ऐकलं होतं. लायब्ररीच्या त्या खोलीत काही लपत नाही. वाईट वाटतंय, असं तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. पण विद्यापीठ नाही म्हणजे शिक्षणखर्च नाही, सहा हजार चारशेतली सगळी वाढ करपात्र, वर दंड, आणि प्रकरण आमच्या कक्षेबाहेर. त्याने फाइल मिटली.

मीही तेच करणार होते, हे कबूल करते. चौतीस वर्षं शाळेत काढल्यावर शाळा म्हणजे वर्ग, बाक आणि वर्षाच्या शेवटी घातलेली काळी टोपी, असंच डोक्यात बसतं. फाइलीवर ड्वेनचा हात होता. ट्रेसाचा हात पाकिटावर होता. दोन्ही हात बघताना मला जानेवारीतल्या परीक्षेचा एक प्रश्न आठवला. मी तो चुकले होते. म्हणूनच आठवला.

आमचं जाड पुस्तक मी उघडलं. पान सापडायला वेळ लागला, कारण त्या पानावर ही एकच ओळ आहे आणि तीही खाली. सरकारच्या कामगार खात्याकडे नोंदलेल्या उमेदवारीसाठी लागणारी फी, पुस्तकं, साहित्य आणि उपकरणं, एवढ्याला हे पैसे चालतात.

ड्वेनने ती ओळ तीनदा वाचली. मग चष्मा काढून वाचली.

"नोंदलेली हवी," तो म्हणाला. "कुठल्याही सोम्यागोम्याने शिकवलेलं नाही चालणार."

ट्रेसाने पाकिटातून पहिला कागद काढला. नोंदणीचं प्रमाणपत्र. दुसरा: वीज मंडळाच्या प्रशिक्षकाच्या सहीची यादी, उमेदवाराने स्वतः आणायच्या वस्तूंची. मग पावत्या, एकीला एक टाचलेल्या.

"हे सगळं सांभाळून ठेवलंस?" ड्वेनने विचारलं. इतक्या मऊ आवाजात तो बोललेला मी पहिल्यांदा ऐकला.

"टायपिंगच्या बाईंनी सांगितलं होतं, पावती टाकायची नाही."

असं मी सांगितलं असेन. मला आठवत नाही.

*

वर्गाची फी: दोन हजार नऊशे.

पुस्तकं: तीनशे चाळीस.

काटे, कमरेचा पट्टा, खांबाभोवती टाकायचा दोर: अकराशे पन्नास.

बूट: पाचशे वीस.

पकडी, हातोडी, रबरी हातमोजे: सहाशे नव्वद.

*

लॅडी खिडकीशीच होता, पण पाठ फिरवून नव्हता. बूट पाचशे वीस म्हटल्यावर तो म्हणाला, सोन्याचे आहेत काय. ट्रेसा म्हणाली, तळव्यात पोलादी पट्टी असते, नाहीतर काट्यावर उभं राहून पाय मोडतो. तो दोन पावलं जवळ आला.

"दोर कशाला?"

"घसरले तर आवळतो. पडू देत नाही."

"कोठारावर आम्हाला असलं काही नव्हतं."

"माहीत आहे, देदा. म्हणून तुमची कंबर तशी आहे."

ड्वेन बेरीज करत होता. त्याने ती दोनदा केली. पाच हजार सहाशे.

काढले होते सहा हजार चारशे.

आठशे कमी.

आता मी एक गोष्ट सांगते जी मला सांगायला नको. त्या क्षणी आम्हा सगळ्यांना हे प्रकरण मिटायला हवं होतं. ड्वेनलासुद्धा. त्याने यादीकडे बघितलं, मग ट्रेसाकडे, आणि म्हणाला, एखादी पावती हरवली असेल, यादीत हेल्मेट आहे, उन्हाळी हातमोजे आहेत, थंडीचा पोशाख आहे, आठव बरं नीट. आठशे सहज होतील. तिने हो म्हटलं असतं तर कर शून्य झाला असता, मी करपत्र भरलं असतं, ड्वेनने तपासलं असतं, लॅडीने सही केली असती आणि सगळे कोलाचे खाऊन घरी गेलो असतो.

ट्रेसाने यादीकडे पाहिलंच नाही.

"हेल्मेट मंडळाने दिलं," ती म्हणाली. "ते आठशे खोलीच्या अनामतीचे. पहिल्या चेकातले."

मी विचारलं, खोली शिक्षणासाठीच होती ना. म्हटलं खरं, पण उत्तर मला ठाऊक होतं. कॉलेजात असती तर खोलीभाडं चाललं असतं. उमेदवारीला चालत नाही. फी, पुस्तकं, साहित्य, उपकरणं. ओळ तिथे संपते.

"मला खोटं बोलायचा कंटाळा आलाय, बाई," ती म्हणाली.

ड्वेनने फाइल दुसऱ्यांदा मिटली. या वेळी हळूच.

*

*प्रश्न: तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का?*

*

लॅडी येऊन बसला.

"किती?" त्याने मला विचारलं.

मी म्हटलं, मला अधिकृतपणे सांगता येणार नाही, प्रकरण कक्षेबाहेर गेलं. मग पाठकोऱ्या कागदावर अनधिकृतपणे मांडलं. सहा हजार चारशेत आठशे म्हणजे आठवा हिस्सा. वाढ दोन हजार पाचशे साठ, तिचा आठवा हिस्सा तीनशे वीस. तेवढ्यावरच कर. तुझ्या उत्पन्नाला बारा टक्के, म्हणजे अडतीस डॉलर. दंड दहा टक्के, बत्तीस. राज्याचे थोडे वेगळे.

"सत्तर."

"सत्तर. आणि करपत्र भरणारा दीडशे घेईल."

तो त्या कागदाकडे बघत राहिला. वेसेलीत लॅडीला कोणी मंद म्हणत नाही. वजनकाट्यावर उभा राहून त्याने ट्रकच्या ट्रक मनातल्या मनात मांडले आहेत. तो पैशांचा हिशेब करत नव्हता, एवढं मला कळत होतं.

"म्हणजे आठशेवर कर," तो म्हणाला. "आणि बाकीचं?"

"बाकीच्यावर नाही."

"का नाही?"

"कारण ते शिक्षण आहे."

"कोण म्हणतं?"

मी पुस्तक फिरवून त्याच्यापुढे ठेवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. त्याने वाचली. ओठ हलवत, सावकाश. मग पुस्तक ट्रेसापुढे सरकवलं, जणू तिने ती वाचली नसेल.

"पाच हजार सहाशेची शाळा," तो म्हणाला. "आणि आठशेची लबाडी. लबाडीला सत्तर डॉलर. ओल्गा असती तर म्हणाली असती, स्वस्तात सुटलीस."

"त्या असत्या तर मी सुटलेच नसते," ट्रेसा म्हणाली.

तेव्हा त्याला हसू आलं, पण त्याने ते पुरं होऊ दिलं नाही. चौदा महिन्यांचा राग सत्तर डॉलरांत फिटत नाही आणि त्याने फिटल्याचं सोंगही केलं नाही. तो म्हणाला, मी दुखावलोय आणि थोडे दिवस तसाच राहीन. ती म्हणाली, राहा. तो म्हणाला, चर्चमधल्या तीन बायकांना तू स्वतः सांगायचं. ती म्हणाली, रविवारी येते.

मग त्याने यादी उचलली आणि पहिल्यापासून वाचायला घेतली. प्रत्येक वस्तूपाशी थांबून: हे काय, हे कशाला, हे तुटलं तर. ती सांगत होती. बोलता बोलता तिने टेबलावर पेन उभं धरलं, त्याला रबरबँड अडकवला आणि दोर खांबाभोवती कसा जातो ते दाखवलं. रांगेतला पुढचा माणूस घड्याळ बघत होता. ड्वेनने त्याला आपल्या टेबलाशी नेऊन बसवलं, आणि त्याच्या हातात एक कोलाच दिला, नियम असूनही.

"वर भीती नाही वाटत?" लॅडीने विचारलं.

"पहिल्या महिन्यात वाटायची. आता वाऱ्याच्या दिवशी." ती थांबली. "तिथं वर्गात मी दिवसभर बसून असायचे, देदा. कशाला बसलेय ते कळायचं नाही. इथं खांबावर गेलं की कळतं. गावाकडच्या लाइनवर असले तर तुमची कोठारं दिसतात."

"कुठल्या बाजूने?"

"पूर्वेकडून."

"सकाळी जा," तो म्हणाला. "सकाळी पूर्वेकडून चांगली दिसतात."

उठताना त्याने कोटाच्या खिशातून चेकबुक काढलं. मला वाटलं आता करपत्रवाल्याचे दीडशे कोणाला द्यायचे ते विचारणार. त्याने ते नुसतं टेबलावर ठेवलं, जरा पाहिलं आणि परत खिशात घातलं.

"खात्यात अजून अकरा हजार आहेत," तो ट्रेसाला म्हणाला. "यापुढे तू मागायचे, ते थेट तुझ्याकडे पाठवतील. माझ्या हातात नकोत."

तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं तो हात काढून घेतोय. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

"मग हा कागद पुढच्या वर्षी तुझ्या नावावर येईल," तो म्हणाला. "तुझ्या घरी. मी तो बघणार नाही. पावत्या तू ठेवायच्या, हिशेब तू द्यायचा, आणि काही भलतं केलंस तर कर तू भरायचा. जमेल?"

"जमेल."

"कोलाचे खायला मात्र यावं लागेल. ते तारेवरून पाठवत नाहीत."

दोघं मुख्य दाराने गेली. तो पुढे, कंबर धरून. ती मागे, पाय फाकवून. बशीत सात उरले होते.

एप्रिलमध्ये मी विचारलं नव्हतं तरी लॅडी येऊन सांगून गेला, की करपत्र भरलं, एकशे साठ घेतले, लुटारू आहे. आणि यादीत लिहिलेला थंडीचा पोशाख तिने अजून घेतलेला नाही, तर तो खर्चात बसेल ना? मी म्हटलं, लॅडी, आता ते ट्रेसाने विचारायचं. तो म्हणाला, तिनेच विचारायला सांगितलंय, ती खांबावर आहे.

*

ट्रेसा चार दिवसांची असताना केलेला खात्याचा पहिला अर्ज परत आला होता, कारण लॅडी आणि ओल्गाने तो पेन्सिलने भरला होता. बर्फाच्या वादळाने खांब पडले होते, अकरा दिवस वेसेलीत वीज नव्हती, आणि घरातली सगळी पेनं गोठली होती.